न खणलेला तिंबो

कॉफीचं पाणी अजून उकळायचं होतं आणि सासूबाईंची निम्मी सकाळ उरकली होती. फळ्यांची जमीन झाडून झाली, कोंबड्यांना दाणे टाकून झाले, आणि आता त्या दोरीवरचे ओले कपडे काढून पुन्हा त्याच दोरीवर, फक्त उलट्या क्रमाने, वाळत घालत होत्या.

"आई, बसा की. कॉफी होतेय."

"मी बसले की लवकर होते का?"

सासरे झोळीत पडून एका पायाने भिंतीला रेटा देत झोके घेत होते. डोळे न उघडता म्हणाले, "सूनबाई, तिला बसायला सांगू नकोस. लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये बसली होती, तेवढंच."

"तेव्हाही उठायला हवं होतं," सासूबाई म्हणाल्या. "दार उघडंच होतं."

सासूबाईंचं नाव जोविना. मी लग्न होऊन सांतारें शहरातून ह्या गावी आले तेव्हा पहिले काही महिने मला वाटायचं, ह्या बाईला घाई कसली आहे? कुठे जायचं असतं हिला? नदीला पूर असला की घरातून बाहेर जायला होडीशिवाय वाट नसते, तरी त्या ह्या खोलीतून त्या खोलीत चालत राहायच्या. जेवतानाही ताट हातात घेऊन खिडकीशी उभ्या. मग हळूहळू कळत गेलं, की त्यांना कुठे जायचं नाही, त्यांना एक गोष्ट गिळता येत नाही. घशात अडकलेला काटा कसा माणसाला धड बसू देत नाही, तसं.

त्या सकाळी नेहमीपेक्षा जास्तच चाललं होतं. माझ्या नवऱ्याचा, वाल्दीरचा, आदल्या रविवारी फोन आला होता. तो मानाउसला जाणाऱ्या मालबोटीवर काम करतो आणि महिन्यातून एकदा घरी येतो. म्हणाला होता, "नाझारेनोच्या मोठ्या जाळ्यावर एक माणूस कमी झालाय म्हणे. बाबांना विचारायला सांग ना. मला आता घरी यायचंय." सासऱ्यांनी ऐकलं आणि विषय बदलला. विचारून नकार घेण्यापेक्षा न विचारलेलं बरं, असा त्यांचा स्वभाव. तेव्हापासून सासूबाई दोरीवरचे कपडे उलटेपालटे करत होत्या.

तेवढ्यात जिन्याच्या खांबावर वल्ह्याचे ठोके पडले.

"मामी, कुत्रं धरा. पाहुणी आणलीय."

नाझारेनोच होता. सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीचा, तोमाझिया आत्यांचा मुलगा. होडीत त्याच्यासमोर एक तरुण मुलगी बसली होती, डोक्यावर टोपी, अंगात ढगळ शर्ट, मांडीवर पट्ट्यांनी आवळलेल्या दोन लाकडी जाळ्या आणि त्यांच्यामध्ये जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा.

"ही लिजिया. वनस्पतींची डॉक्टर आहे," नाझारेनो म्हणाला. "तिला तिंबोच्या वेलाचं फूल हवंय. मी म्हटलं, फूल आलेला तिंबो सगळ्या नदीवर एकाच बाईकडे आहे. आमची मामी तो खणतही नाही, काढतही नाही."

सासरे झोळीतून चटकन उठून बसले. "आमचा तिंबो कोंबड्यांच्या उवांसाठी आहे," ते घाईघाईने म्हणाले. "मासे मारायला आम्ही वापरत नाही. बंदी आहे, आम्हाला माहीत आहे."

"मी सरकारी तपासनीस नाही हो," लिजिया हसून म्हणाली. "मला फक्त एक फांदी हवी. फुलासकट."

ती होडीतून पायरीवर चढली. चढताना तिने एक हात कठड्याला धरला आणि दुसरा हात, आपल्याही नकळत, पोटाखाली नेला. क्षणभरच. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांच्या हातातला ओला शर्ट तसाच लोंबत होता आणि त्यातून पाणी त्यांच्या पायावर ठिबकत होतं.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "हिला कॉफी दे. आणि दोन भाकऱ्या जास्त भाज." मग लिजियाला म्हणाल्या, "खाऊन घे पोरी. लगेच निघू. ऊन चढायच्या आत."

ऊन चढायला भरपूर वेळ होता. सासूबाईंची नजर उन्हाकडे नव्हतीच, ती वरच्या अंगाला, तोमाझिया आत्यांच्या घराकडे होती.

त्याचं कारण सांगायला हवं. तिंबोची मुळं ठेचली की दुधासारखा चीक निघतो. पाणी उतरलं की ओढ्याचा फाटा अडवायचा, सगळ्या गावाने मिळून मुळं ठेचायची आणि तो चीक पाण्यात कालवायचा. मासे झिंगतात आणि उताणे तरंगायला लागतात, ते टोपल्यांत वेचायचे; खाणाऱ्याला काही बाधत नाही. बंदी येण्याआधी वर्षातून एकदा हा गावाचा सणच असायचा. पण गरोदर बाईची नजर पडली तर तिंबो बोथट होतो, असं आमच्या नदीवर लहान पोरही सांगेल. म्हणून त्या दिवशी पोटुशा बाया घरात थांबायच्या.

सासूबाई लग्न होऊन दुसऱ्या नदीवरून आल्या आणि त्याच वर्षी त्या सणाला सगळ्यांबरोबर ओढ्यावर गेल्या. मुळं ठेचली, चीक सोडला, सगळे टोपल्या घेऊन उभे राहिले. मासे आले नाहीत. सूर्य डोक्यावर आला तरी पाणी नुसतं पांढरं. मग म्हाताऱ्या बायांनी रांगेतल्या एकेकीकडे बघायला सुरुवात केली. कोण आहे? कोण लपवतंय? आणि तोमाझिया आत्या, तेव्हा त्या स्वतः लग्नाच्या व्हायच्या होत्या, बोट दाखवून म्हणाल्या, "ही. काल सकाळी ही घरामागे ओकत होती."

सासूबाईंना तोवर स्वतःलाच खात्री नव्हती. आपण आई होणार हे त्यांना गावासमोर, रिकाम्या टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या माणसांच्या तोंडून कळलं. कुणी ओरडलं नाही, हात उचलला नाही. सगळे मुकाट घरी गेले, आणि त्या वर्षी सणाला माशांऐवजी कंदाचं भाजलेलं पीठ मिठाबरोबर खाल्लं गेलं, एवढंच. पण जे मूल जन्माला आलं त्याला गावाने बारशाआधीच नाव ठेवलं. बोथट्या. माझ्या नवऱ्याला इथे कुणी वाल्दीर म्हणत नाही. होडीचं इंजिन बंद पडलं, "बोथट्या होता का आत?" जाळं रिकामं आलं, "बोथट्याची सावली पडली असेल." सगळं हसत-हसत. पण तो मोठा झाला तेव्हा त्याला आपल्या होडीत घ्यायला कुणी तयार झालं नाही. जाळ्यावर नको, गळावर नको, कासवांच्या राखणीवरही नको. तो मालबोटीवर गेला.

सासूबाईंना त्यानंतर मूल झालं नाही.

भाकऱ्या, म्हणजे आमच्या मानियोक कंदाच्या पिठाच्या, लिजियाने आवडीने खाल्ल्या. सासूबाईंनी तिच्यासमोर केळं ठेवलं, मग दुसरं ठेवलं, मग तिचा अर्धा भरलेला कप उचलून मोरीवर नेला. आम्ही निघालो तर तोमाझिया आत्या आपल्या होडीतून येतच होत्या. नव्या माणसाचा वास त्यांना वाऱ्यावर लागतो.

"पाहुणी कोण गं?"

"शहरातली. फुलं न्यायला आलीय," सासूबाई चालतच म्हणाल्या.

आत्यांनी लिजियाला पायापासून वरपर्यंत पाहिलं. ढगळ शर्टावर त्यांची नजर थांबली. मी मनात म्हटलं, संपलं.

"जोविना, थांब. ही पोरगी..."

"तुमच्या होडीत पाणी येतंय, तोमाझिया," सासूबाई म्हणाल्या, आणि आत्या मागे वळून बघेपर्यंत आम्ही केळीच्या आड गेलो होतो. होडीत पाणी येत नव्हतं. वाटेत मीच विचारलं तेव्हा म्हणाल्या, "कधीतरी येईलच की."

वाट मानियोकच्या शेतातून वर चढते आणि मग जुन्या पडीक रानात शिरते. सासूबाई इतक्या पुढे गेल्या, की नाझारेनोला दोनदा हाक मारावी लागली. लिजिया मध्ये थांबून धाप टाकत होती. मी तिला पाणी दिलं.

"ह्या नेहमी अशाच चालतात?"

"आज हळू आहेत," मी म्हटलं.

तो वेल मी आधी पाहिला होता, पण फुलांच्या दिवसांत कधी नाही. दोन झाडांवर चढून वरच्या फांद्यांवर त्याचा मांडव झाला होता आणि तिथून जांभळट-गुलाबी तुरे खाली झुकले होते. जवळून पाहिलं तर फूल थेट चवळीच्या फुलाचं भावंड. बुंधा माझ्या दंडापेक्षा जाड. तिंबो एवढा वाढूच देत नाहीत लोक. तोडलेल्या काठीपासून लावतात, मुळं भरली की खणून काढतात, आणि त्याचीच काठी पुन्हा लावतात. फूल यायला त्याला सवडच मिळत नाही. लिजिया वर बघत राहिली आणि म्हणाली, "आमच्याकडे एवढ्या वर्षांचे नमुने आहेत, सगळे नुसत्या पानांचे. फुलाशिवाय सांगता येत नाही की हा नेमका कुठला तिंबो. आणि इथे हा..." तिने वाक्य सोडून दिलं. "दोना जोविना," ती आदराने म्हणाली, "हा तुम्ही का नाही खणलात?"

सासूबाई बुंध्याला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि पुन्हा अलीकडे आल्या.

"वाट बघत होते."

"कशाची?"

"पोरी, तुला कितवा महिना?"

लिजियाचा चेहरा पडला. नाझारेनो लांब दांड्याचा कोयता घेऊन तसाच उभा राहिला.

"पाचवा," ती हळूच म्हणाली. "कुणाला सांगितलं नाहीये. आमच्या साहेबांना कळलं तर मला नदीवर पाठवणार नाहीत. वरच्या दोन नद्या अजून व्हायच्यात. तिथला तिंबो पाहिल्याशिवाय हे काम पुरं होत नाही, आणि मी नाही गेले तर दुसऱ्या कुणाला देतील."

"मामी," नाझारेनो म्हणाला, "हिला इथून न्या. आई मला घरात घेणार नाही."

"तुझी आई खाली होडीतलं पाणी उपसतेय. हे बघ पोरी," सासूबाई लिजियासमोर येऊन उभ्या राहिल्या, आणि मी लग्न झाल्यापासून पहिल्यांदा पाहिलं, की त्यांचे पाय एका जागी आहेत. "आमच्याकडे म्हणतात, गरोदर बाईने पाहिलं की तिंबोचा जोर जातो. माझ्यामुळे एकदा गेला, असं म्हणतात. माझ्या मुलाला ह्या गावात काम नाही ते त्यामुळेच. मला कळायला हवंय, हे खरं की खोटं. गावातल्या पोटुशा बायांना विचारता येत नाही. कुणीही येणार नाही, आणि का यावं? मी ज्यातून गेले त्यात दुसरीला कसं ढकलू? तू इथली नाहीस. तुला कुणी नावं ठेवली तरी तू उद्या निघून जाशील. म्हणून तुला विचारते. ही फुलं तू तोड. तुझ्या हाताने. नीट बघून."

 लिजियाने नाझारेनोच्या हातातून कोयता घेतला.

तो तिच्यासाठी जड होता. मी खालून दांडा धरला, ती वर बघून नेम धरत राहिली, आणि तुरे एकामागून एक खाली आले. तिने पानं, फुलं, एक कोवळी शेंगही पाहून घेतली. मग सासूबाईंनी कुदळ घेतली आणि बुंध्यापासून हातभर लांब खणायला लागल्या. मातीतून मूळ वर आलं तसं त्यांनी लिजियाला खाली बसायला लावलं.

"हेही बघ. हातात घे."

"घेतलं."

"वास घे."

"दोना जोविना, ह्याचीही गरज आहे का?"

"मला काय माहीत? त्या दिवशी मी काय काय केलं होतं ते आता आठवत नाही. सगळंच कर."

नाझारेनो पाठ फिरवून उभा होता. खांदे हलत होते त्यावरून मला वाटलं तो हसतोय.

घरी आल्यावर लिजियाने फांद्या वर्तमानपत्रांत घातल्या. कुठल्या तरी जुन्या फुटबॉल सामन्याच्या बातमीवर तिंबोचा तुरा पसरला, फूल उलगडून, एक पान पालथं करून, म्हणजे दोन्ही बाजू दिसाव्यात. मग जाळ्या आवळून तो गठ्ठा आमच्या पीठ भाजायच्या भट्टीवर टांगला. मी मंद जाळ घातला. सासूबाई दर थोड्या वेळाने येऊन हात लावून बघत होत्या, जशी काही भाकरी आहे.

वाळेपर्यंत लिजियाने फोनवर आधीच्या नमुन्यांची छायाचित्रं दाखवली. जाड कागदावर शिवलेल्या वाळक्या फांद्या, आणि कोपऱ्यात छापलेली चिठ्ठी. नदी, तारीख, उंची, तोडणाऱ्याचं नाव. कितीतरी नद्या. मी एकेक वाचून दाखवत होते, कारण सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नाही. "फूल नाही. फळ नाही." "फूल नाही." "लागवड केलेला, फूल नाही." मग एक जुना कागद आला, शेजारच्या नदीवरचा. त्यावर खाली आणखी एक ओळ होती आणि मी बेसावधपणे तीही वाचून टाकली.

"माशांसाठी वापरतात. गरोदर स्त्रीची नजर पडल्यास गुण जातो."

"म्हणतात, असं लिहिलंय का पुढे?" सासूबाईंनी विचारलं.

मी पुन्हा पाहिलं. "नाही. एवढंच आहे."

"म्हणजे खरं म्हणूनच लिहिलंय."

"तेव्हा जे सांगितलं ते उतरवून घेतलं असेल," लिजिया ओशाळून म्हणाली. "अशा नोंदी आम्ही पुसत नाही. जे आहे ते तसंच राहतं. शंभर वर्षांनीसुद्धा कुणीतरी उघडून वाचतं."

"शंभर वर्षं," सासूबाई म्हणाल्या. भट्टीतलं एक लाकूड बाहेर ओढलं, पुन्हा आत सारलं आणि उठून सरळ बाहेर गेल्या. थोड्या वेळाने मूळ ठेचल्याचा आवाज यायला लागला. ठक, ठक, ठक. मधे विसावा नाही.

ओढ्यात तिंबो सोडायला लिजियाने साफ नकार दिला, आणि सासऱ्यांनी त्याहून साफ. शेवटी आमची जुनी होडी, जी काठावर ओढून ठेवली आहे, ती पाण्याने भरली. नाझारेनोने आपल्या सापळ्यातले जिवंत मासे आणले. निम्मे होडीत सोडले. निम्मे सासूबाईंनी धुण्याच्या टबात ठेवून घेतले.

"ते कशाला?" सासऱ्यांनी विचारलं.

"उद्या तुम्हीच म्हणाल, मासे आधीच आजारी होते."

आत्या आल्या होत्याच. कठड्याला टेकून, हाताची घडी घालून. "जोविना, मी तुला सकाळीच सांगत होते. ह्या पोरीने तिंबो बघितलाय ना? आता नुसतं पाणी पांढरं करशील."

"मग बघा ना उभ्या राहून. तुमचं काय जातंय?"

"मासे जातायत माझ्या नाझारेनोचे."

सासूबाईंनी ठेचलेली मुळं टोपलीत घालून होडीच्या पाण्यात बुडवली आणि पिळली. पाणी दुधाळ झालं. आम्ही सगळे बघत उभे राहिलो. काही झालं नाही. मासे तळाशी, दिसतही नव्हते. सासूबाई होडीभोवती फिरायला लागल्या, टबाकडे, पुन्हा होडीकडे. झग्याच्या टोकाने कपाळ पुसत होत्या. सासरे खाकरले. आत्यांनी घडी सोडून कमरेवर हात ठेवले. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. मी लिजियाकडे पाहिलं तर तिने दोन्ही हात पोटावर धरले होते, उघड उघड, शर्ट ताणून.

"होतं असं," सासरे हळू आवाजात म्हणाले. "जोविना, चल आत. वाईट वाटून घेऊ नको."

"सरका," सासूबाई म्हणाल्या. "मला दिसत नाहीये."

मग पाणी हललं. एक मासा वर आला, तोंड उघडं टाकून, आडवा पोहायला लागला, होडीच्या बाजूला धडकला आणि उताणा झाला. पांढरं पोट वर. मग दुसरा. मग सगळेच, झिंगलेल्या माणसांसारखे एकमेकांवर आपटत. टबातले मासे आपले शेपट्या हलवत फिरत होते.

नाझारेनो वाकून बघत म्हणाला, "आई, हा तर ओढ्यातल्यापेक्षा कडक निघाला."

 मग आत्या म्हणाल्या, "होडीत मरतातच मासे. जागा कमी पडते."

"टब काय नदी आहे का?" सासूबाई म्हणाल्या.

"आणि हिने फूल बघितलं. चीक मुळात असतो. मूळ जमिनीखाली होतं."

"मूळ हातात घेतलं होतं हिने. वासही घेतला. तुमचा मुलगा साक्षीला होता."

आत्यांनी नाझारेनोकडे पाहिलं. तो मासे गोळा करायला लागला होता.

"मग ही शहरातली आहे," आत्या म्हणाल्या. "त्यांच्या पोटांचं वेगळं असतं. दवाखान्यातल्या गोळ्या खातात." एवढं बोलून त्यांनी नाझारेनोच्या हातातून चार चांगले मोठे मासे घेतले, दोरीत ओवले आणि रात्रीच्या कालवणासाठी घरी घेऊन गेल्या.

सासरे खो-खो हसत सुटले. मीही हसले. सासूबाई हसल्या नाहीत. जाणाऱ्या होडीकडे बघत त्या म्हणाल्या, "हिने उद्यापर्यंत सगळ्या गावाला सांगितलेलं असेल. शहरातलं पोट. संपलं. परत तेच."

"मामी," नाझारेनो टोपली उचलत म्हणाला, "वाल्दीरला फोन करा. पुढच्या महिन्यात येऊन एकदा जाळ्यावर बसू दे. बघू."

"बघू म्हणजे काय?"

"बघू म्हणजे बघू. बाकीच्यांना विचारायला हवं. मी एकटा थोडाच आहे होडीत?"

त्याने वाल्दीर म्हटलं होतं. सासूबाईंच्या ते लक्षात आलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्या भट्टीकडे गेल्या होत्या.

गठ्ठा वाळला होता. लिजियाने जाळ्या सोडून एकेक वर्तमानपत्र उघडून पाहिलं. फुलांचा रंग थोडा उतरला होता, आकार तसाच होता. मग ती पायरीवर बसून पेन्सिलने लिहायला लागली, आणि लिहिताना मोठ्याने बोलत होती, मला वाटतं सासूबाईंसाठीच. "आरापियुन्स नदी, डावा काठ. पडीक रान. वेल, झाडांवर चढलेला. फुलं जांभळट-गुलाबी. शेंग कोवळी, एक. लागवड, जोविना फिगेइरा यांची." तिने वर पाहिलं. "तुमचं नाव बरोबर लिहिलंय ना?"

"नावाचं जाऊ दे. खाली काय लिहिशील?"

"खाली उपयोग लिहितो आम्ही. मुळांचा चीक, माशांसाठी."

"आणि?"

"आणि एवढंच. जागा कमी असते."

नाझारेनोने होडीचं इंजिन चालू करून पाहिलं, बंद केलं. पाण्यावरचा उजेड लांबट झाला होता, त्याला अंधाराआधी पोचायचं होतं. लिजिया उठली, पेन्सिल कानामागे खोचली. सासूबाई पायऱ्या उतरून तिच्या खाली, जिथे पाणी लागतं तिथे जाऊन उभ्या राहिल्या, म्हणजे तिला त्यांना ओलांडल्याशिवाय होडीत बसता येईना.

"पोरी, तुझे साहेब हे वाचतील, ते मला कळतं," त्या म्हणाल्या. "वरच्या दोन नद्यांचं तू सांगितलंस, तेही मी विसरले नाही. नाही म्हणालीस तर मी काही म्हणणार नाही. पण त्या जुन्या कागदावर ते तसं लिहिलेलं आहे, म्हणून ह्या कागदावर एवढं लिही. फुलं तोडणारी बाई गरोदर होती, आणि त्याच वेलाच्या मुळाने मासे झिंगले."